फरशी बसवणाऱ्याचे ९० दिवस

सोलापुरात कष्टकऱ्यांची घरे उभी राहिली, ही या शहराच्या इतिहासातील मोठी घटना आहे. कुंभारी येथे २००६ साली कॉ. गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार विडी कामगार भगिनींना घरे मिळाली. त्याच गावी रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. विडी वळणाऱ्या, यंत्रमाग चालवणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या हातांना हक्काचे छप्पर मिळाले. घर ताब्यात आले की माणूस पै पै साठवून ते सुधारतो. जेथे शहाबादी फरशी होती तेथे टाइल्स येतात, मोरीला चकचकीत भिंत येते. यात वाईट काहीच नाही. परंतु ही टाइल बसवणाऱ्या माणसाचे काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. तो आम्ही येथे विचारत आहोत.

टाइल निवडताना आपण चार दुकाने फिरतो. रंग पाहतो, कंपनी पाहतो, मोरबीचा माल की आणखी कुठला, याची चौकशी करतो. मिस्त्री मात्र दुकानदार पाठवेल तो! त्याचे नाव विचारत नाही, त्याने पूर्वी केलेले काम पाहत नाही. दर ठरतो तोंडी, उचल दिली जाते तोंडी आणि काम संपल्यावर बाकी बुडते तीही तोंडीच. डॉक्टर, वकील, इंजिनिअर हे व्यावसायिक आणि मिस्त्री म्हणजे नुसते हात, ही समजूत कोठून आली? डोक्याचे काम श्रेष्ठ आणि हाताचे काम हलके, हे ज्या व्यवस्थेने शिकवले तिचीच ही शिकवण आहे. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली सांगितले. ते आपण भाषणात सांगतो. आपल्याच घराच्या दारात मात्र ते विसरायचे काय?

हे काम नुसत्या हाताचे नाही. साधी सिरॅमिक टाइल पाणी शोषते, म्हणून ती भिजवून सिमेंटवर बसवता येते. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषतच नाही. तिला नुसती सिमेंटची राळ नीट धरत नाही, चिकटवण्याचा योग्य मसाला लागतो. खाली पोकळी राहिली तर ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि जड वस्तू पडताच टाइल फुटते. दोन टाइल्समध्ये बारीक सांधा सोडावा लागतो. तो न सोडता टाइल्स एकमेकींना भिडवल्या तर सोलापूरच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हाळ्यात त्या फुगून उचलल्या जातात. मोरीचा उतार चुकला तर पाणी कायम साचते. हे ज्याला कळते तो व्यावसायिकच आहे, त्याच्याकडे प्रमाणपत्र असो वा नसो.

आता कायद्याकडे वळू. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली दोन केंद्रीय कायदे झाले. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून कल्याणकारी मंडळाने कामगाराला मदत द्यायची, अशी ती रचना. महाराष्ट्राच्या मंडळाच्या कामांच्या यादीत लादी किंवा टाइल्स कापणे व पॉलिश करणे हे काम आहे. १८ ते ६० वर्षे वय आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम, ही नोंदणीची अट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि हे कायदे त्यांत विलीन झाले. उपकर, मंडळ आणि ९० दिवसांची अट सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे.

परंतु येथेच मेख आहे. जुन्या कायद्यात स्वतःला राहण्यासाठी बांधलेले दहा लाखांपर्यंतचे घर वगळलेले होते. नव्या संहितेत ही मर्यादा पन्नास लाखांवर नेली आहे. सामान्य घरमालकाला उपकरातून दिलासा मिळाला, हे खरे. पण मोठ्या इमारतीवर काम न मिळणारा आमचा स्थानिक मिस्त्री वर्षभर अशाच छोट्या घरांत राबतो. संहितेची व्याख्या शब्दशः वाचली तर त्याचे हे दिवस मोजायचे कोणी? ज्याला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तोच कुंपणाबाहेर! छोट्या घरांवरील दिवसही नोंदणीसाठी धरावेत, असा स्पष्ट आदेश शासनाने काढला पाहिजे. ही मागणी चळवळीने लावून धरावी.

‘स्थानिक’ या शब्दाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. स्थानिक म्हणजे आपल्या गावात राहणारा, उद्या टाइल उचलली गेली तर सापडणारा माणूस. तो राजस्थानातून आला की उत्तर प्रदेशातून, हा प्रश्न गैरलागू आहे. देशात कोठेही राहण्याचा आणि व्यवसाय करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमाने दिला आहे. पोटासाठी आलेल्या मजुराविरुद्ध येथील मजुराला उभे करणारे राजकारण दोघांचीही मजुरी पाडते.

मग करायचे काय? काम सुरू होण्यापूर्वी एक कागद करावा. किती चौरस फूट, दर काय, सिमेंट व ग्राउट कोणाचे, तुटफूट कोणाच्या अंगावर, उचल किती, बाकी कधी, टाइल पोकळ निघाल्यास दुरुस्ती कोण करणार, हे त्यात लिहावे. दोघांच्या सह्या घ्याव्यात. काम बिघडले तर ग्राहक आयोगापुढे मालकाला हाच कागद उपयोगी पडतो आणि मजुरी अडली तर मिस्त्रीलाही. कागद नसला तरी मिस्त्री निराधार नाही. फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला दिला पाहिजे, असे १८७२ च्या करार कायद्याचे ७० वे कलम सांगते. शिवाय किती दिवस काम केले याची तारखांसह चिठ्ठी त्याला द्यावी. आपल्याला ती पाच मिनिटांची गोष्ट आहे. त्याला तो नोंदणीसाठीचा पुरावा ठरू शकतो.

आरोग्याचेही तसेच. टाइल कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिने फुप्फुसाला होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. कटरवर पाणी सोडून, घराबाहेर, मास्क लावूनच टाइल कापावी आणि त्यासाठी लागणारे पाणी मालकाने आनंदाने द्यावे. पुढे फरशीवर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून ॲसिड ओतले जाते. ॲसिड सांध्यातील सिमेंट खाते, शहाबादी फरशी तर पारच खराब करते. ते ब्लीचिंग पावडरमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या. रोज साध्या पाण्याने पुसणे, डागाला सौम्य साबण आणि झिजलेले सांधे वेळीच त्याच मिस्त्रीकडून भरून घेणे, एवढी निगा पुरते.

गिरणीमालकाकडे आणि विडी कारखानदाराकडे हक्काची मजुरी मागत हे शहर मोठे झाले. आज त्याच कामगारांची मुले आपल्या घराचे मालक म्हणून दुसऱ्या कामगाराला कामावर लावत आहेत. जो कागद आपल्या बापाला मालकाने कधी दिला नाही, तो आपण मिस्त्रीला देणार की नाही? घरात तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा लावण्यापूर्वी खालच्या फरशीची मजुरी चुकती झाली आहे ना, एवढे प्रत्येकाने पाहावे.