क्रोमच्या नावाने शिमगा

नागपुरात म्हाळगीनगर चौकातून हुडकेश्वरकडे निघालं की झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि लॅपटॉप दुरुस्ती एकाच पाटीवर मिरवणारी दुकानं दिसू लागतात. अशा एखाद्या काउंटरवर लॅपटॉप ठेवून ‘भाऊ, हा हँग मारून राहिला’ एवढंच म्हणा. झाकण उघडायच्या आत निकाल येतो : ‘क्रोम रॅम खाऊन राहिलं. रॅम वाढवा, नाहीतर फॉरमॅट मारू.’ घरी परतलात की पुतण्या सांगतो, क्रोम काढून दुसरा ब्राउझर टाका. शेजारचे काका कॅशे साफ करायला आणि एखादं फुकटचं क्लीनर टाकायला सुचवतात. या चार सल्ल्यांपैकी तीन बहुतेक वेळा चुकीचे असतात. चौथा, म्हणजे रॅमचा, कधी कधी बरोबर असतो. पण तो तपासणीच्या आधीच दिला जातो.

आधी पूर्वपक्षाचा पुरावा पाहू. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, मेमरी ८७ टक्के दिसते आणि यादीत सर्वांत वर क्रोम. आकडा खोटा नसतो. पण नुसत्या आकड्यावरून धावपळ करण्याचं काय होतं, ते नागपूरकरांनी पाहिलेलं आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्याने संवेदक बिघडल्याचं सांगितलं. तिथे मापक बिघडला होता. इथे मापक ठणठणीत आहे, वाचणाराच घाई करतो.

रॅम रिकामी ठेवण्यासाठी कोणी विकत घेत नाही. विंडोजसुद्धा मोकळ्या रॅममध्ये पुढे लागू शकतील अशा फायली आधीच आणून ठेवते. मग टास्क मॅनेजरमध्ये क्रोमच्या नावाखाली इतक्या ओळी का? २ सप्टेंबर २००८ला क्रोम बाजारात आलं ते टॅबसाठी वेगळी प्रक्रिया चालवण्याची रचना घेऊनच. त्याआधी एक पान अडकलं की अख्खा ब्राउझर बसायचा. पुढे जानेवारी २०१८मध्ये प्रोसेसरमधला ‘स्पेक्टर’ हा दोष जाहीर झाला. एका संकेतस्थळाचा कोड त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू शकेल, अशी धास्ती निर्माण झाली. म्हणून त्याच वर्षी क्रोमने संगणकावर प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत टाकलं. यासाठी १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल, हे गूगलने तेव्हाच सांगितलं होतं. तुमच्या बँकेचं पान शेजारच्या टॅबमधल्या भुरट्या जाहिरातीला वाचता येऊ नये, याची ही किंमत आहे. ती मोजायला माझी ना नाही.

मेमरी खरोखर दुखणं कधी ठरते? रॅम संपते आणि विंडोज तिच्यातला माल डिस्कवर लिहायला लागते तेव्हा. ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपवर हे हमखास घडतं : टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटते आणि माऊसचा बाण अडखळत सरकतो. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी आहे. पण त्यात विंडोज चालते म्हणजे कामही चालतं, असं नाही. अशा यंत्रात रॅम वाढवणं आणि एसएसडी बसवणं हाच इलाज. दुकानदाराचं इथे पूर्ण बरोबर आहे आणि त्याचे पैसेही योग्य आहेत. डिस्क शांत असूनही तो रॅमच विकत असेल, तर मात्र मला हरकत आहे.

ब्राउझर बदलण्याचा सल्ला ऐकायला मोठा शहाणपणाचा वाटतो. पण मायक्रोसॉफ्टचं एज जानेवारी २०२०पासून क्रोमच्याच क्रोमियम पायावर उभं आहे. ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी यांचाही पाया तोच. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, हे खरं; पण तेही २०२१पासून प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत ठेवतं. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण तेच वीस टॅब आणि तीच एक्स्टेन्शनं तिकडे नेलीत, तर पंखा तिकडेही घरघरणारच.

कॅशेबद्दल एका वाक्यात : ती मुख्यतः डिस्कवर असते, ती पुसून रॅम मोकळी होत नाही, उलट पुढच्या खेपेला सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागतं. क्लीनर त्याहून वाईट. ते चालू कार्यक्रमांची मेमरी बाहेर ढकलून आकडा खाली आणतं, तुम्ही खूश होता, आणि टॅबवर परत क्लिक केलं की तोच माल डिस्कवरून हळूहळू आत यायला लागतो.

आता फॉरमॅट. त्याची ख्याती वाढली आहे, कारण तो मारल्यावर लॅपटॉप चार दिवस खरंच पळतो. पण का पळतो? कूपन शोधणारी, पीडीएफ बदलणारी, स्क्रीनशॉट काढणारी, कधीतरी टाकून विसरलेली एक्स्टेन्शनं त्यात उडतात. नोटिफिकेशनला नकळत दिलेल्या परवानग्याही जातात. मग तुम्ही क्रोममध्ये गूगल खातं उघडून सिंक चालू करता आणि ती सगळी एक्स्टेन्शनं एकेक करून परत येतात. दोष हटवलाच नव्हता, तो खात्यात जपून ठेवला होता. फोटो आणि प्रोजेक्ट गेले ते वेगळेच.

मंडन करायचं तर एका किल्लीजोडीचं करावं : क्रोम उघडं असताना शिफ्ट आणि एस्केप. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. विंडोजला जिथे नुसतं ‘क्रोम’ दिसतं, तिथे इथे नावानिशी हिशेब मिळतो : कोणता टॅब, कोणतं एक्स्टेन्शन, कोणत्या पानात शिरलेली कोणती जाहिरात. सीपीयूच्या स्तंभावर क्लिक करून मोठा आकडा वर आणा आणि दोन मिनिटं पाहत बसा. कुठल्याशा बातमीच्या पानाची ओळ तुम्ही ते वाचतही नसताना ९०-१०० दाखवत असेल, तर चोर सापडला. त्या स्तंभात १०० म्हणजे प्रोसेसरचा एक अख्खा गाभा त्या पानाच्या सेवेत. ओळ निवडून प्रक्रिया बंद करा आणि पंख्याचा आवाज ऐका. संशय एक्स्टेन्शनवर असेल, तर तेच पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून पाहा. तिथे तुम्ही मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय एक्स्टेन्शनं चालत नाहीत.

‘पण मला तीस टॅब लागतातच,’ असं म्हणणाऱ्यांसाठी सेटिंगमधल्या परफॉर्मन्सच्या पानावर मेमरी सेव्हर आहे. तो न वापरलेले टॅब झोपवतो. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज मध्येच उडेल, ही भीती मी बऱ्याच पालकांकडून ऐकतो. अर्धवट भरलेला फॉर्म, चालू व्हिडिओ आणि सुरू असलेलं डाउनलोड यांना तो हात लावत नाही. तरीही धास्ती असेल, तर ते संकेतस्थळ अपवादांच्या यादीत घाला.

आपल्याकडच्या सल्लागारांच्या गावीही नसलेली गोष्ट म्हणजे ऊन. २३ मे २०१३ला नागपुरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश हवेत वापरायला सांगते. आपल्या मे महिन्यात एवढी थंड हवा पहाटे मिळाली तर मिळाली. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो. त्यात लॅपटॉप गादीवर, खालच्या जाळ्या बंद, पंख्यात रस्त्याच्या कामाची धूळ. डिसेंबरात गुण्यागोविंदाने चालणारा लॅपटॉप त्याच कामाला मे महिन्यात रडत असेल, तर क्रोमने मधल्या काळात काय पाप केलं? (कूलरसमोर मात्र ठेवू नका, त्या झोतात ओल असते.) यूट्यूबचंही तसंच. इंटेलच्या सातव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक चिपांना यूट्यूबचा व्हीपी९ व्हिडिओ पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही, ते ओझं प्रोसेसरवर येतं. क्लासचं लेक्चर १०८०ऐवजी ४८०वर पाहिलं, तरी फळ्यावरचं अक्षर सहसा वाचता येतं आणि यंत्र निवतं.

खरा राग काढायचाच असेल, तर तो पानं बनवणाऱ्यांवर काढावा. २०११च्या सुमारास एका सर्वसाधारण पानाचं वजन अर्ध्या एमबीच्या आसपास होतं. २०२४पर्यंत ते अडीच एमबीच्या वर गेलं. मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो कोणी जसाच्या तसा पानावर डकवला, तर तीन एमबीची ती फाइल मेमरीत पूर्ण उलगडल्यावर जवळजवळ ४८ एमबी जागा घेते. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे असे वीस फोटो एका पानावर आले, तर दोष ब्राउझरचा कसा?

तेव्हा हुडकेश्वरकरांनो, पुढच्या वेळी काउंटरवर लॅपटॉप ठेवाल तेव्हा पाकीट खिशातच राहू द्या आणि आधी म्हणा, ‘भाऊ, शिफ्ट-एस्केप दाबून दाखवा बरं.’ जो दाबून दाखवेल आणि डिस्कचा आकडाही समजावेल, त्याच्याकडूनच रॅम घ्या.