परक्या फ्लॅशगनशी सोयरीक

डिजिटल रेंजफाइंडर घेणाऱ्याला सुरुवातीला फ्लॅशची आठवणच होत नाही. असेल त्या उजेडात फोटो काढायचा, हीच या कॅमेऱ्यांची ख्याती. मग घरात बारसं निघतं. हॉलच्या छताला चार मिणमिणते दिवे असतात, आयएसओ वाढवला की सावल्यांत दाणे उठतात आणि प्रश्न पडतो, फ्लॅशगन कुठली घ्यावी? ‘कंपनीचीच घ्या, दुसरी लावलीत तर कॅमेरा जाईल’ असं उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं. कॅमेरा महागाचा असल्यामुळे माणूस घाबरतो आणि एक तर बरेच पैसे मोजून कंपनीची गन घेतो, नाहीतर फ्लॅशचा नादच सोडून देतो. मला या दोन्ही गोष्टींचं वाईट वाटतं. माझं ठाम मत असं, की दुसऱ्या कंपनीची साधी फ्लॅशगन रेंजफाइंडरवर जितकी शोभते तितकी दुसऱ्या कुठल्याच कॅमेऱ्यावर शोभत नाही.

कारण फ्लॅशचं सगळं गणित अंतराचं आहे. दिवसाचा उजेड खोलीभर पसरलेला असतो, फ्लॅशचा उजेड मात्र एका जागेहून निघतो आणि अंतर दुप्पट झालं की चौथ्या हिश्श्यावर येतो. म्हणून प्रत्येक गनचा एक गाइड नंबर असतो. त्याला अंतराने भागलं की अॅपर्चर मिळतं. एसएलआरवाल्यांनी हा हिशोब कधीच सोडून दिला, कारण समोरचा माणूस किती मीटरवर उभा आहे हे फोकस करताना ते वाचतच नाहीत. आपल्या हातातला कॅमेरा मुळात अंतर मोजायचं यंत्र आहे! मधल्या चौकटीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बसवल्या की लेन्सच्या कड्यावर अंतर कोरलेलं असतंच. फक्त खाली बघायचं.

लायकाच्या एम ९ वर एक उदाहरण करून बघू. गनचा गाइड नंबर आयएसओ १०० ला मीटरमध्ये २० आहे असं धरा. एम ९ चा मूळ आयएसओ १६०, म्हणजे तो नंबर साधारण २५ होतो. माणूस ३ मीटरवर असेल तर २५ भागिले ३, झालं एफ ८. तो २ मीटरवर आला तर एफ ११ च्या जरा पुढे, ४ मीटरवर गेला तर एफ ५.६ च्या जरा पुढे. लायकाच्या लेन्सचं अॅपर्चरचं कडं बोटाखालीच असतं आणि बहुतेक लेन्सना अर्ध्या स्टॉपला खटका आहे. फोकस करताना डाव्या हाताचं एक बोट तिथपर्यंत पोहोचतं. एफ ८ ऐवजी एफ ४ वर काढायचं असेल तर गनची ताकद पावपट करा. गाइड नंबर निम्मा होतो, ३ मीटरला एफ ४ येतो. एका संध्याकाळच्या सरावात हे हाताला बसतं. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या गनचा नंबर पुष्कळदा फुटांत लिहिलेला असतो. तेव्हा लेन्सवरचा फुटांचा आकडा वाचायचा, नाहीतर फोटो दाट काळा येईल.

अंतर सारखं बदलत असेल, मुलं धावत असतील, तर भागाकार करत बसायला वेळ नसतो. त्यासाठी गनवरचा ऑटो मोड आहे. गनच्या पुढच्या अंगाला एक बारीक डोळा असतो. माणसावर आपटून परतलेला उजेड तो मोजतो आणि पुरेसा झाला की ट्यूब तिथल्या तिथे बंद करतो. कॅमेऱ्याशी त्याचं काही बोलणं होत नाही. गनवर आयएसओ लावा, तिने सांगितलेलं अॅपर्चर लेन्सवर लावा, संपलं. साठच्या दशकात अशा गन आल्या, सत्तरच्या दशकात थायरिस्टर आल्यावर उरलेला चार्ज वाया जायचा थांबला आणि लग्नांचे फोटो काढणाऱ्या कित्येकांनी पुढची वीस-पंचवीस वर्षं याच मोडवर पोट भरलं. याहून मोठी मान्यता कुठल्या तंत्राला मिळायची?

कंपनीची टीटीएल पद्धत आधी एक लहानसा पूर्वफ्लॅश मारते, लेन्समधून आत आलेला उजेड मोजते आणि मग खरा फ्लॅश मारते. बहुतेक वेळा ती चांगलं काम करते. पण पांढऱ्या साडीने फ्रेम भरली की तीही फसते. शिवाय पूर्वफ्लॅशने काहींची पापणी नेमकी फोटोच्या क्षणाला मिटते. ऑटो मोडमध्ये एकच फ्लॅश पडतो. आणि रेंजफाइंडरमध्ये तो पडलेला तुम्हाला दिसतो. एसएलआरमध्ये त्या क्षणी आरसा वर गेलेला असतो, व्ह्यूफाइंडर काळा. इथे खिडकी उघडीच राहते. चेहरा उजळलेला दिसतो, डोळे उघडे होते की मिटले तेही दिसतं. मागच्या पडद्यावर जाऊन बघायची घाई राहत नाही. रेंजफाइंडरवर फ्लॅश वापरण्यात मला सगळ्यात मोठा आनंद याच गोष्टीचा आहे.

आता कुठली गन चालते ते बघू. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या ज्या खाचेत गन बसते त्या शूची मापं आणि मधला संपर्क आंतरराष्ट्रीय मानकाने ठरलेले आहेत, त्यामुळे मधल्या टिकलीवर गन उडते ती कुठल्याही कंपनीची असो. बाजूच्या टिकल्या मात्र ज्याच्या त्याच्या. निकॉनची भाषा वेगळी, कॅननची वेगळी. त्या टिकल्या भलत्या जागी टेकू नयेत म्हणून गनच्या पायावरच्या मधल्या टिकलीखेरीज बाकीच्यांवर पातळ इन्सुलेशन टेप लावावी. दोन मिनिटांचं काम आहे, जरूर करा. नंतरच्या काळातल्या मिनोल्टाचा आणि २०१२ पर्यंतच्या सोनीचा शू वेगळ्याच घडणीचा, ती गन आत सरकणारच नाही.

मॉडेल निवडताना एकच बघा: गनवर स्वतःचा ऑटो मोड किंवा हाताने ताकद कमी-जास्त करायची सोय आहे का. निकॉनच्या एसबी-२८ मध्ये दोन्ही आहेत, एसबी-८०० मध्येही. एसबी-६०० मध्ये ऑटो नाही, पण मॅन्युअल १/६४ पर्यंत उतरतं. कॅननच्या ४३०ईएक्सचंही तसंच, फक्त मॅन्युअल. ४२०ईएक्स मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. तिची ताकद गनवरून बदलताच येत नाही, दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर ती दर वेळी पूर्ण ताकदीने उडते. अलीकडच्या गनांत गोडॉक्सची लक्स ज्युनियर या कामाला फार चांगली. गाइड नंबर १२ म्हणजे लहानच, पण ऑटो आहे, मॅन्युअल आहे, दोन बारीक सेलवर चालते आणि कॅमेऱ्यावर बसवली की व्ह्यूफाइंडरच्या आड येत नाही.

कंपनीच्या गनमधल्या काही सोयी आपल्याला अशाही निकामीच असतात. अंधारात ऑटोफोकसला मदत करणारा लाल दिवा घ्या. आपण फोकस हाताने करतो, त्या दिव्याचे पैसे कशाला? आणि कंपनीची म्हणून मिळते तीही पुष्कळदा परकीच असते. लायकाची एसएफ ५८ जर्मनीतल्या मेट्झने बनवलेली. मेट्झच्या स्वतःच्या मोठ्या गनना एससीए ३५०२ हा पाया जोडला की त्या लायकाशी टीटीएलमध्ये बोलतात, फक्त डिजिटल कॅमेऱ्यासाठी त्या पायाची चौथी किंवा नंतरची आवृत्ती लागते.

कॅमेरा जाईल ही भीती मात्र अगदीच खोटी नाही, आणि ती एका ठिकाणी पूर्ण खरी आहे. गन उडवताना मधल्या टिकलीवर विजेचा जो दाब असतो तो जुन्या गनांत भयंकर असतो. सत्तरच्या दशकातली विविटार २८३ ही जगभर गाजलेली गन. तिच्या सुरुवातीच्या जपानी बनावटीच्या नगांत हा दाब दोनशे व्होल्टच्याही वर सापडतो, नंतरच्या नगांत तो दहाच्या आसपास असतो. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. फिल्मच्या जमान्यात शटरमधले धातूचे संपर्क हा दाब सहन करायचे. डिजिटल कॅमेऱ्यात तिथे इलेक्ट्रॉनिक स्विच आहे. आंतरराष्ट्रीय मानकात कॅमेऱ्याने २४ व्होल्ट सोसावेत असं धरलेलं आहे, मी स्वतः बारा व्होल्टच्या वरची गन शूवर चढवत नाही. मोजणं सोपं आहे. गनमध्ये सेल घाला, तयार असल्याचा दिवा लागू द्या, मल्टिमीटर डीसीवर ठेवा, एक काडी मधल्या टिकलीला, दुसरी पायाच्या कडेच्या धातूला. जो आकडा दिसेल तो खरा. लेबलवर, विकणाऱ्याच्या शब्दावर किंवा मित्राच्या अनुभवावर जाऊ नका, तुमच्या हातातला नग मोजा. दाब जास्त निघाला तर तो उतरवणारा अडॅप्टर मिळतो, नाहीतर रेडिओ ट्रिगर वापरा. गन रिसीव्हरवर बसते, कॅमेऱ्याला तिचा दाब लागतच नाही.

रेडिओ ट्रिगरचा दुसराही उपयोग आहे. एम ३ पासूनच्या फिल्म लायकांना मागे सिंक केबलची भोकं होती. एम ८ आणि एम ९ वर ती नाहीत, जे काही आहे ते एका शूवर. २१ मिलिमीटरची लेन्स लावली की तिचा बाहेरचा व्ह्यूफाइंडरही तोच शू मागतो, मग फ्लॅश कुठे बसवायचा? याला सुटसुटीत उत्तर माझ्याकडे नाही. अशा वेळी मी २८ ची लेन्स लावतो आणि शू गनला देतो.

शटरकडे लक्ष हवं. कापडी पडद्याच्या फिल्म लायकांत फ्लॅश १/५० सेकंदापर्यंतच जुळायचा. डिजिटलमध्ये धातूच्या पात्यांचं उभं शटर आलं आणि एम ८ ला १/२५०, एम ९ ला १/१८० मिळाला. २००४ च्या एप्सन आर-डी१ चा १/१२५ आहे. याहून वेगवान शटरला अख्खी फ्रेम एका वेळी उघडी नसते, फट सरकत जाते आणि क्षणभराचा फ्लॅश तेवढ्याच पट्टीवर पडतो. परकी गन बसवल्याचं कॅमेऱ्याला कळेलच असं नाही, म्हणून डायल ‘ए’ वरून काढून स्वतः लावा. हॉलमध्ये मी १/३० किंवा १/१५ लावतो. फ्लॅशचा उजेड अॅपर्चरवर ठरतो, मागच्या दिव्यांचा शटरवरही. शटर मंद केलं की माळा, समया, पाठीमागची माणसं अंधारात बुडत नाहीत. १/१८० वर तीच खोली भुयारासारखी येते.

एम ८ वाल्यांसाठी एक जादा गोष्ट. २००६ मध्ये हा कॅमेरा आला तेव्हा त्याच्या सेन्सरसमोरचा इन्फ्रारेड अडवणारा थर फारच पातळ असल्याचं लक्षात आलं आणि काळे कृत्रिम कपडे जांभळट यायला लागले. लायकाने ग्राहकांना लेन्ससाठी दोन फिल्टर मोफत दिले. फ्लॅशच्या झेनॉन ट्यूबमधूनही भरपूर इन्फ्रारेड निघतं, त्यामुळे फ्लॅश वापरला म्हणजे ही अडचण टळली असं समजू नका. लग्नातला काळा सूट फिल्टरशिवाय काढला तर तो वांगी रंगाचाच येणार.

कंपनीच्या गनचं एक काम परकी गन करू शकत नाही, ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. भर दुपारी उन्हात चेहऱ्यावरच्या सावल्या भरायच्या असतील तर एम ९ वर १/१८० आणि आयएसओ १६० ला अॅपर्चर एफ १६ च्या घरात जातं. वरच्या हिशोबातली गन तिथे पूर्ण ताकदीनेही दीड मीटरच्या पुढे पोहोचत नाही, आणि एफ २ ची लेन्स घेऊन एफ १६ वर काढायचं म्हणजे जिवावर येतं. कंपनीची हाय स्पीड सिंकवाली गन इथे शटर १/१००० च्या पुढे नेऊ देते. ताकद घटते, पण पाठीमागचं सगळं धूसर करून व्यक्तिचित्र काढता येतं. ज्याचं निम्मं काम उन्हातलं, त्याने ती घ्यावी, पैसे वसूल होतील. ज्याचं काम घरात, हॉलमध्ये, रात्रीच्या रस्त्यावर, त्याने तेवढ्याच पैशांत दोन जुन्या ऑटो गन आणि एक ट्रिगर घ्यावा.

मुंबईत फोर्टच्या बोरा बझारात अशा गन अजून मिळतात. जाताना चार चार्ज केलेले सेल आणि मल्टिमीटर बरोबर न्या. सेलच्या खाचेत हिरवट बुरशी बसलेली असेल तर गन परत ठेवा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या गनचा कपॅसिटर सुस्तावलेला असतो, पहिल्यांदा तिला तयार व्हायला मिनिट लागलं तर लगेच नाकारू नका. पाच-सहा वेळा उडवा, दर वेळी वेळ कमी होत गेला तर ती जागी होते आहे. मग ऑटो मोड तपासा. डोळ्यावर बोट ठेवून एकदा उडवा, बोट काढून पांढऱ्या भिंतीवर जवळून एकदा उडवा. दुसऱ्या वेळी तयार असल्याचा दिवा लगेच परत लागला पाहिजे. नाही लागला, तर त्या गनचा डोळा गेलेला आहे, आणि मग ती मॅन्युअलच्या भावातच मागा.