मोटर चांगली, तारच तुटली!

अमरावती-अकोल्याकडच्या तुमच्यापैकी पुष्कळांनी वावरातली विहीर पाहिली असेल. वीज आहे, मोटरही नवी कोरी आहे, पण डीपीपासून विहिरीपर्यंतची तार तुटली तर पाणी येईल का? थेंबभरही नाही!

आपल्या शरीरातही असंच आहे. स्नायू म्हणजे मोटर. मेंदूचा हुकूम मेरुरज्जूतून स्नायूंपर्यंत नेणाऱ्या लांबच लांब चेतापेशी म्हणजे तारा. त्यांना म्हणतात मोटर न्यूरॉन. काही मुलांत या पेशी लहानपणीच मरू लागतात. हुकूम पोहोचत नाही, मग स्नायू बारीक आणि अशक्त होत जातात. एखादं बाळ मान धरत नाही, तर एखादं चालतं-फिरतं मूल जिना चढताना थकतं. या आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, थोडक्यात एसएमए.

तार का तुटते? आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतल्या पाचव्या जोडीवर एसएमएन-१ नावाचं जनुक असतं. मोटर न्यूरॉनना जगवणारं प्रथिन कसं बनवायचं, याची कृती त्यात असते. १९९५ साली फ्रान्समध्ये ज्युडिथ मेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जनुक शोधून काढलं. त्याच्या शेजारीच त्याचा जणू धाकटा भाऊ राहतो, एसएमएन-२. पण तो कृतीतला एक तुकडा बहुतेक वेळा गाळतो, म्हणून प्रथिन अपुरं पडतं.

आता दोन नाणी घ्या. एक आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे चांगलं जनुक, काटा म्हणजे बिघडलेलं. एक जरी छापा असला तरी काम भागतं. म्हणून असे आई-बाबा स्वतः ठणठणीत असतात. त्यांना वाहक म्हणतात. दोन्ही नाणी ४० वेळा उडवा आणि वहीत लिहा. दोन्ही काटे साधारण १० वेळा येतील, म्हणजे चारांत एकदा. तेवढीच शक्यता आजाराची. पण "पहिलं मूल आजारी, आता पुढची तीन नक्की चांगली," असं मात्र नाही हं! नाण्याला मागची आठवण नसते. दर वेळी डाव नवा.

मेळघाटात ज्यासाठी रक्त तपासतात, तो सिकलसेलही याच नियमाने पुढच्या पिढीत येतो. जनुक वेगळं, हिशेब तोच.

आई-बाबांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. असं मूल जन्मलं की बोट आईकडे दाखवलं जातं, नाहीतर नजर, मागच्या जन्मीचं पाप असं काहीबाही बोललं जातं. नाण्यांचा हिशेब पाहा. हे जनुक दोघांकडून येतं आणि दोष कुणाचाच नसतो. घराण्यात असा आजार असेल तर रक्ताची तपासणी करून आधीच कळू शकतं. २०१६ साली अमेरिकेत यावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. नंतर तोंडाने घ्यायचं औषध आलं आणि एकदाच द्यायचं जनुक-उपचाराचं औषधही. त्याची किंमत मात्र २०२१ साली सुमारे १६ कोटी रुपये होती! २०२१ साली मुंबईतल्या एका चिमुकलीसाठी लोकांनी वर्गणी गोळा केली आणि केंद्र सरकारने त्या औषधावरचा कर माफ केला. त्याच वर्षी देशाचं दुर्मिळ आजार धोरण आलं. पण उपचार जितका लवकर, तितका फायदा जास्त, कारण मेलेली चेतापेशी परत येत नाही.

आणि दोस्तांनो, एसएमए शिवल्याने होत नाही. बुद्धीलाही तो धक्का लावत नाही. तुमच्या शाळेत चाकाच्या खुर्चीवरचा मित्र असेल, तर त्याचा वर्ग खालच्या मजल्यावर घ्या, असं गुरुजींना सांगाल ना? गणितात तो तुम्हांला हरवेलही, सांभाळून!