लम्पीचे खोटे कान

2022 साली लम्पी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात शिरला, गुरांचे बाजार बंद पडले, कित्येकांच्या दावणी रिकाम्या झाल्या. धडधाकट बैल, त्याच्या अंगात प्रतिकाराची ताकद नव्हती काय? होती. पण हा विषाणू देवीच्या कुळातला, आणि ते सारे कूळच लबाड. विषाणू आत शिरला की पेशी इंटरफेरॉन नावाचा पदार्थ बाहेर सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. कोतवालाची दवंडीच म्हणा ना! या कुळातले विषाणू त्याच पेशीकडून खोटे कान घडवून घेतात. हे कान बाहेर पडून दवंडी वाटेतच धरून ठेवतात; शेजारी बेसावध राहतात. शरीर पुरते जागे होईस्तोवर अंगभर गाठी.

शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना चालते, कारण तो विषाणू लम्पीच्या भावकीतला. एकाची ओळख पटली की दुसराही ओळखू येतो. मात्र ही ओळख मुरायला दोन-तीन आठवडे लागतात. तेव्हा गाठ दिसायची वाट पाहू नका. पावसाळ्यात माश्या, डास, गोचीड वाढण्याआधीच निरोगी गुरे टोचून घ्या, चार महिन्यांवरची वासरेसुद्धा.