सांधता न येणाऱ्या गाड्या

यंत्र मोडते याबद्दल आमची तक्रार नाही. जे फिरते, तापते, घासते ते कधीतरी मोडणारच. आमची तक्रार आहे ती मोडण्याच्या आधुनिक रीतीविषयी. आजच्या मोटारीचा पिस्टन शाबूत असतो, क्रँक शाबूत असतो, गिअर शाबूत असतात. आणि तरीही ती रस्त्याच्या कडेला उभी राहते, कारण पाण्याच्या नळीच्या तोंडाशी बसवलेला, तळहाताएवढाही नसलेला प्लास्टिकचा एक तुकडा तडकलेला असतो. राजवाडा उभा आणि कडी-कोयंडा पुठ्ठ्याचा, असा हा प्रकार आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगावाला खेटून असलेल्या वारूळवाडीसारख्या गावात हा प्रश्न चैनीचा उरत नाही. नारायणगावचा टोमॅटोबाजार हंगामात गजबजतो तेव्हा पिकअपच्या हौद्यात जो माल असतो तो वाट पाहणारा माल नसतो. शहरातल्या माणसाची गाडी बंद पडली तर त्याची कचेरी चुकते. येथे एका तोटीपायी अख्ख्या तोडणीचा भाव चुकतो. ज्या तुकड्यावर हे सगळे अवलंबून आहे तो तुकडा मुळात असा का बनवला, हे विचारण्याचा अधिकार म्हणूनच या गावाला पुण्या-मुंबईपेक्षा अधिक आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. आम्ही प्लास्टिकद्वेष्टे नाही, आणि जुन्नर तालुक्यात राहून कोणाला तसे होताही येणार नाही. येथली शेती प्लास्टिकवर उभी आहे: ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, शेततळ्याचे अस्तर, टोमॅटोचे क्रेट. मोटारीतही पेट्रोलची प्लास्टिकची टाकी गंजत नाही, आणि ज्या सीटबेल्टने व एअरबॅगने जीव वाचतात तेही कृत्रिम धाग्यांचेच असतात. पण ठिबकची नळी फुटली तर शेतकरी तेवढाच भाग कापतो, दहा मिनिटांत जोड बसवतो आणि पाणी सोडतो. मल्चिंगचा कागद किती हंगाम चालेल हे त्याला घेतानाच ठाऊक असते. येथे प्लास्टिक आपली मुदत सांगून येते आणि जोडूनही घेते. मोटारीतले प्लास्टिक या दोन्ही गोष्टी नाकारते.

रेडिएटरचेच पाहा. पूर्वीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. गळू लागला की रेडिएटरवाला तो उतरवी, डाख देई, पाण्यात बुडवून बुडबुडे पाही आणि परत बसवी. आजच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन बाजूंच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या. मध्ये रबराची पट्टी घालून जाळीच्या धातूच्या कडा टाकीवर दुमडून दाबलेल्या. हे नायलॉन कच्चे नसते. पण गरम कूलंट त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडत राहतो, आणि रोजचे तापणे-निवणे त्याला ठिसूळ करते. मग एके दिवशी टाकीला केसासारखी चीर पडते. पाणी निघून गेले की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चालकाला खोटा दिलासा देऊ शकतो. तोवर इंजिनाचे हेड वाकते. थोडक्यात, साधनातला सर्वांत स्वस्त भाग सर्वांत महाग भागाचा बळी घेतो.

हेडलाइटचे तसेच. पूर्वी काच होती. दगड लागला तर फुटे, पण उन्हाने आंधळी होत नसे. आता पॉलिकार्बोनेट आहे. ते दगडाला टिकते, वजनाला हलके आहे. पण वरचा संरक्षक थर उन्हाने झिजला की ते पिवळे पडते, आणि आळेफाट्याच्या रस्त्यावर रात्री समोरचा ट्रॅक्टर उशिरा दिसतो. खिडकीची काच वर-खाली करणारी क्लिप, दाराची मूठ, बंपरचे काटे यांची यादी वाचकाने आपापल्या गाडीवरून पुरी करावी.

आमच्या गाडीची अशीच टाकी खेडच्या घाटात तडकली, तेव्हा मिस्त्रीने जे सांगितले त्यात या लेखाचे सार आले. म्हणाला, "साहेब, टाकी नुसती येत नाही. सगळा रेडिएटर घ्यावा लागेल." जाळी चांगली होती, पंखा चांगला होता. पण चांगल्या भागांना वाईट भागासोबत सती जावे लागते; या प्रथेला कंपन्यांच्या भाषेत 'असेंब्ली' म्हणतात.

यावर पहिले उत्तर ठरलेले असते: गाडी हलकी हवी, इंधन वाचवायचे आहे, धूर कमी करायचा आहे. हेतू योग्य आहे. पण हलके म्हणजे अल्पायुषी हे समीकरण कोणी सिद्ध केले? वारूळवाडीहून फार दूर जाण्याची गरज नाही. जवळच खोडदला ते खोटे ठरवणाऱ्या तबकड्या उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी तेथील दुर्बीण उभारताना पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना भरीव पत्र्याच्या केल्या नाहीत. ताणलेल्या तारदोरांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवली. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. गेल्या शतकात बांधलेल्या त्या तबकड्या आजही काम करतात, आणि मधल्या काळात दुर्बिणीची क्षमताही वाढवता आली. काटकसर आणि टिकाऊपणा एकत्र नांदू शकतात. फक्त रचनाकाराला दोन्ही हवे असावे लागतात.

दुसरे उत्तर असते की आम्ही जुन्या काळाचे गहिवर काढतो. तेही नाही. फिअट आणि अँबॅसडर वरचेवर बंद पडत, त्यांचे पत्रे गंजत, आणि त्या मिळवायला लोक वर्षानुवर्षे नोंदणी करून बसत. त्या गाड्या चांगल्या होत्या असे आमचे म्हणणे नाही. त्या सांधता येत होत्या, एवढेच म्हणणे आहे.

सांधणे ही आपल्याकडे एक पूर्ण भाषा होती. डागडुजी, रफू, ठिगळ, कल्हई, डाख, फाळ शेवटणे: प्रत्येक झिजेला एक क्रिया आणि प्रत्येक क्रियेला एक जाणता हात. गावगाड्यातल्या लोहार-सुताराला कामाप्रमाणे नव्हे, तर वर्षाच्या बलुत्याने मोबदला मिळे. नांगर पुन्हापुन्हा मोडला तर त्रास त्यालाच होई. त्या व्यवस्थेने जातीच्या नावाखाली केलेला अन्याय आम्ही विसरत नाही आणि ती परत यावी असेही म्हणत नाही. पण वस्तू टिकली तर बनवणाऱ्याचेही भले व्हावे, हा तिच्यातला एक विचार ध्यानात घेण्याजोगा आहे. आज गणित नेमके उलटे आहे. वॉरंटी संपल्यानंतर जितके मोडेल तितका सुट्या भागांचा धंदा वाढतो.

हा संशय नुसता गॅरेजच्या बाकड्यावरचा नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती व साधने त्या स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू देत नाहीत, असा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण न्यायाधिकरण-न्यायालयांत रेंगाळले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, संकेतस्थळ काढले, आणि त्यात मोटारीही घेतल्या. हक्काला नाव मिळाले. नारायणगावच्या मिस्त्रीला मात्र टाकी अजून सुटी मिळत नाही.

आमचे मागणे फार नाही. खाजगी मोटारीची नोंदणी सरकार पंधरा वर्षांसाठी करते आणि त्या हिशेबाने कर घेते. मग गाडी विकणाऱ्यानेही पंधरा वर्षांचा हिशेब द्यावा. कोणता प्लास्टिकचा भाग किती वर्षांनी बदलायचा हे पुस्तिकेत छापावे. टायमिंग बेल्टविषयी छापतात, मग टाकीविषयी का नाही? जो भाग मोडतो तो सुटा विकावा. जो भाग पाणी, तेल किंवा ब्रेक सांभाळतो तो खोलून परत बसवता येईल असाच घडवावा. दुरुस्तीची माहिती ज्याच्या हाती पाना आहे त्या प्रत्येकाला मिळावी.

याने गाडी काही हजारांनी महागेल असे कोणी म्हणेल. महागू द्या. ती किंमत आम्ही आजही देतोच आहोत: घाटात, भर दुपारी, हौद्यात टोमॅटो तापत असताना. फरक इतकाच, की तिची पावती मिळत नाही.