सात वेळा, एकही चूक न करता

विद्यार्थिमित्रहो, ३५ टक्के गुण मिळाले की उत्तीर्ण, हे गणित तुम्हाला पाठ आहे. पण जिच्यात एक चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, अशी परीक्षा तुम्हाला ठाऊक आहे का?

अमेरिकेत ट्रक, बस, रेल्वे आणि विमान चालविणाऱ्यांच्या मद्यपानाची तपासणी व्हावी, असा कायदा १९९१ साली झाला. त्यासाठी श्वासातील मद्यार्क मोजणाऱ्या तंत्रज्ञाला प्रशिक्षणाच्या शेवटी लागोपाठ ७ नमुना चाचण्या बिनचूक करून दाखवाव्या लागतात. परीक्षक पाहत असतो. सहाव्या चाचणीत चूक झाली, की आधीच्या पाच फुकट! शिवाय दर ५ वर्षांनी उजळणी आहेच.

तुम्ही म्हणाल, "आकडा तर यंत्रच छापते, मग माणसाची एवढी कसोटी कशाला?" माझे मत याच्या अगदी उलट आहे. का ते पाहा.

फुप्फुसांत रक्तातला मद्यार्क थोडासा हवेत उतरतो. ठरावीक तापमानाला द्रवातील आणि त्यावरील हवेतील प्रमाण एकमेकांशी बांधलेले असते. विल्यम हेन्री यांनी १८०३ साली मांडलेला नियम तो हाच. त्यावरून २१०० मिलिलिटर श्वासात १ मिलिलिटर रक्ताइतका मद्यार्क असतो, असे धरतात. २१० लिटर श्वासात ०.०२ ग्रॅम मद्यार्क आढळला, तर दुसरी, खात्रीची चाचणी करावी लागते. आता भागाकार करा. एका लिटर श्वासात मिलिग्रॅमचा दहावा भागसुद्धा नाही!

इतकी सूक्ष्म राशी मोजताना, मद्यार्क असलेल्या औषधी पाण्याने नुकतीच चूळ भरली असली, तरी आकडा भलताच फुगतो. म्हणून दुसऱ्या चाचणीपूर्वी निदान १५ मिनिटे थांबायचे. तेवढ्यात तोंडातला मद्यार्क निघून जातो. रक्तातला मात्र फारसा घटत नाही. या वेळात खाणे नाही, पिणे नाही, ढेकरही शक्यतो द्यायची नाही. मग यंत्राला खोलीतली हवा देऊन ते ०.०० दाखवते का, हे पाहायचे. चौदाव्या मिनिटालाच चाचणी उरकली, तर ती रद्द होते.

दुसऱ्या चाचणीत ०.०४ किंवा अधिक आले, तर चालकाला त्या कामावरून ताबडतोब दूर केले जाते. म्हणजे तंत्रज्ञाच्या घाईने निर्दोष माणसाची रोजीरोटी जाऊ शकते. किंवा चाचणी रद्द झाल्याने प्यायलेला चालक पुन्हा गाडीवर बसू शकतो. आपल्याकडेही १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, आणि तीही श्वासावरूनच तपासतात.

आता आपल्या प्रयोगशाळेकडे वळू. स्क्रू गेजने तारेचा व्यास मोजण्यापूर्वी तुम्ही शून्य त्रुटी खरोखर पाहता, की वहीत "शून्य त्रुटी नाही" असे आधीच लिहून मोकळे होता? उत्तर पुस्तकाशी जुळले की गुण मिळतात, म्हणून आपले भागते. माझ्या मते प्रयोगाच्या परीक्षेत उत्तराइतकेच महत्त्व कृतीला हवे. यंत्र आकडा देते; तो आकडा विश्वासाचा आहे की नाही, हे मोजणाऱ्याच्या हातावर ठरते. नुसती पाठ केलेली पायरी घाईच्या दिवशी गळून पडते. जिचे कारण कळले आहे, ती सहसा गळत नाही.

म्हणून या महिन्यात एक करा. कोणताही सोपा प्रयोग निवडा. प्रत्येक पायरी का करायची, ते आधी लिहून काढा. मित्राला परीक्षक नेमून तोच प्रयोग लागोपाठ ७ वेळा बिनचूक करून दाखवा. पाचव्या खेपेला चुकलात, तर पुन्हा एकपासून मोजायला लागा. मित्र भिडस्त नसावा, एवढे मात्र पाहा!