पहिला क्रमांक कोणाचा?

मुंबईत एकाच आठवड्यात तीन-चार नभोवाणी केंद्रे ‘आम्हीच पहिले’ अशी जाहिरात करताना आढळतात, आणि मौज अशी की त्यांपैकी खोटे सहसा कोणीच बोलत नाही. एकाचा पहिला क्रमांक सकाळच्या प्रहरापुरता असतो, दुसऱ्याचा पंचविशीच्या आतील तरुणांपुरता. तिसरे केंद्र आठवड्यातून एकदा तरी कान लावणाऱ्यांची डोकी मोजते, चौथे ऐकलेले तास मोजते. ज्याने त्याने आपापला गज हाती घेतला म्हणजे प्रत्येकाचेच कापड लांब भरते!

वाचकांनी एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एक केंद्र सहा हजार माणसे रोज अर्धा-अर्धा तास ऐकतात. तीन हजार तास झाले. दुसरे चार हजारच ऐकतात, पण तासभर. चार हजार तास झाले. पोहोच पहिल्याची मोठी, हिस्सा दुसऱ्याचा मोठा. यांतला श्रेष्ठ कोण, हे आकडा सांगत नाही. ते ज्याला जाहिरात विकायची तो आपल्या सोयीने ठरवतो.

बरे, हे आकडे येतात कोठून? 2007 साली मुंबई, दिल्ली व बंगळुरू येथे श्रोत्यांच्या नियमित मोजणीची एक पद्धत सुरू झाली. निवडक माणसांना रोजनिशी द्यायची आणि कोणत्या वेळी कोणते केंद्र ऐकले ते त्यांनी रकान्यांत भरायचे, अशी तिची रीत. वाचक-सर्वेक्षणाची रीत निराळी. तेथे घरी येऊन ‘काल काय ऐकलेत?’ असे विचारतात. एक पद्धत टिपणावर, दुसरी आठवणीवर. दोहोंचे निकाल जुळले नाहीत तर नवल नाही. त्यातून रोजनिशी भरणारा माणूस आपल्यासारखाच. शनिवारी रात्री आठवड्याचे रकाने एकदम भरायला बसला की ज्या केंद्राचे नाव तोंडी बसले असेल तेच लिहून मोकळा होतो. टॅक्सीत चालकाने लावलेले गाणे उतारूच्या आवडीत धरायचे की कसे, हा प्रश्न वेगळाच. शिवाय नमुना चारशे माणसांचा असेल आणि एका केंद्राला वीस टक्के पसंती मिळाली, तर खरी पसंती सोळा ते चोवीसच्या दरम्यान कोठेही असू शकते. तेव्हा वीस आणि बावीस यांच्यामधील विजयाचे ढोल पिटणे हा निव्वळ उत्साह होय.

ही चुरस मात्र नवी नव्हे. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटत गेले. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. महायुद्धात दोस्त फौजांसाठी उभारलेले तेथील प्रक्षेपक बलाढ्य होते. हिंदुस्थानच्या घराघरांत बुधवारी रात्री आठ वाजता काटा सिलोनवर जाऊ लागला. त्या काळी रोजनिशी नव्हती. तबकड्यांचा खप आणि श्रोत्यांची पत्रे हीच मोजणी. पत्रांच्या मोजणीत झुमरी तलैयासारखे आडबाजूचे गाव देशभर गाजले, कारण तेथील माणसे हौसेने लिहीत. जो लिहितो तो मोजला जातो. मुकाट्याने ऐकणारा त्याही वेळी हिशेबाबाहेरच होता. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती आली, आणि 1 नोव्हेंबर 1967 पासून मुंबई, पुणे व नागपूर येथे तिच्यावर जाहिरातीही आल्या.

केसकरांची या प्रसंगी पुष्कळ थट्टा झाली, आणि ती काही अंशी योग्यच होती. आवड हुकमाने बदलत नसते. पण त्यांच्याच कारकीर्दीत 1952 साली संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व 1954 साली आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झाले, हे थट्टा करणारे विसरतात. हे कार्यक्रम कोणत्याही मोजणीत पहिले आले नसते. तरीही कृष्णराव शंकर पंडितांसारख्यांचे गाणे ज्यांना कधी बैठकीत बसून ऐकता आले नसते, त्यांच्यापर्यंत ते पोहोचले ते नभोवाणीमुळेच. ग्वाल्हेरकरांना याहून अधिक सांगावयास नको.

आता आपल्या गावाकडे वळू. येथे आकाशवाणीचे केंद्र 1964 साली आले. 2005 च्या नव्या धोरणानंतर खाजगी एफ. एम. केंद्रेही आली. परंतु रोजनिशीची ती मोजणी मोठ्या महानगरांची. दहा लाखांवर वस्तीचे ग्वाल्हेर तिच्यात नव्हते. मुंबई-दिल्लीच्या आकड्यांवर जे चालते असे ठरते, तेच साखळीतल्या केंद्रांवरून लहान शहरांत उतरते. म्हणजे लष्करातील घरात काय वाजावे, याचा कौल अंधेरीतली चारशे-पाचशे माणसे देणार! त्यांच्याशी आमचे वैर नाही; पण त्यांच्या रकान्यात ग्वाल्हेर नाही, आणि ग्वाल्हेरच्या रकान्यात घरी मराठी बोलणारा श्रोता तर त्याहून नाही. शिंदेशाहीपासून येथे राहिलेली घरे रोज दोन भाषांत ऐकतात, हे जाहिरातदाराला ठाऊक नसेल तर समजू शकते. सरकारी केंद्राला मात्र तशी सबब नाही.

आकाशवाणीकडे श्रोता-संशोधनाची स्वतःची परंपरा आहे. तिने ग्वाल्हेरात लष्कर, मुरार व जुने शहर अशी तिन्हीकडे मोजणी करावी, घरची भाषा विचारावी, कोणता कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला तेही विचारावे, आणि निकालासोबत गजही छापावा, असे आम्ही सुचवतो.

आमच्या वाचकांनाही एक विनंती. उद्या कोणी रोजनिशी घेऊन दारी आलाच, तर घराण्याची अब्रू राखण्यासाठी सातही दिवस ‘ख्याल’ लिहू नये. सकाळी भजन ऐकले असेल तर भजन लिहावे, रात्री यमन ऐकला असेल तर यमन. आणि दुपारी स्वयंपाकघरात सिनेमाची गाणी लागली होती, तर वहिनींना विचारून तीही लिहावीत.